टीव्हीच्या कॉम्प्युटरला कोणतं ग्राफिक्स कार्ड?

प्रश्न : स. न. वि. वि. मी अकोल्याला राहतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत छत्तीस वर्षं शिकवून निवृत्त झालो. मुलाने दिवाळीत ५५ इंची ४के टीव्ही घेऊन दिला. त्याच्या ऑफिसने काढून टाकलेला एक बारीक, आडवा कॉम्प्युटर (चौथ्या पिढीचा आय५, ८ जीबी रॅम, विंडोज १०) मी टीव्हीखालच्या कपाटात ठेवून एचडीएमआयने जोडला आहे. नातीच्या नाचाचे व्हिडिओ मुलगा फोनवर काढून पाठवतो. ते या कॉम्प्युटरवर अडखळतात. आवाज पुढे निघून जातो, चित्र मागे राहतं. यूट्यूब ४केवर लावलं की पंखा भणभणतो. माउसचा बाणही टीव्हीवर फरफटत येतो. शिवाय शाळेच्या स्नेहसंमेलनांच्या जुन्या कॅसेट मी डिजिटल करून घेतल्या, त्यांत मुलं हलली की हातापायांच्या कडेला कंगव्यासारख्या रेघा दिसतात. हार्ड डिस्क थेट टीव्हीला लावून पाहिली, पण ४ टीबीची यादी उघडतानाच टीव्ही गोठतो आणि नाटकांच्या डीव्हीडीवरून उतरवलेल्या फायली तर तो ओळखतच नाही. दुकानदार म्हणतो, ८ जीबीचं गेमिंग कार्ड टाका, तीस हजार होतील, सोबत नवा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा). पेन्शनमधून एवढे घालावेत का?

— एक निवृत्त शिक्षक, अकोला

उत्तर : सर, ते कार्ड घेऊ नका. पहिलं कारण असं की ते तुमच्या पेटीत बसणारच नाही. ऑफिसच्या बारीक कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचं, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसतं. त्यातला एसएमपीएस साधारण अडीचशे वॅटचा आणि बहुतेकदा त्या कंपनीच्या खास मापाचा, खास पिनांचा असतो. बाजारातला नवा एसएमपीएस तिथे लागत नाही. दुकानदाराने तुमची पेटी उघडून पाहिली नसावी.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. गेमसाठी कार्ड घेताना त्याची ताकद बघतात. सिनेमा, व्हिडिओ बघण्यासाठी घेताना त्याला कोणती लिपी वाचता येते ते बघायचं असतं. गावातल्या सगळ्यात दणकट माणसाला मोडी येत नसेल, तर पणजोबांचं खरेदीखत त्याला वाचता येत नाही. मोडी जाणणारा ऐंशी वर्षांचा म्हातारा ते एका दमात वाचून दाखवतो. व्हिडिओचं तसंच आहे. फोनमधला व्हिडिओ बहुधा एचईव्हीसी नावाच्या लिपीत दाबून साठवलेला असतो. ही लिपी वाचणारा एक वेगळा, छोटा भाग ग्राफिक्सच्या चिपमध्ये असतो. तो असला तर काम फार थोड्या विजेत होतं. नसला तर सगळा भार प्रोसेसरवर पडतो. ४के चित्रात सुमारे ८३ लाख ठिपके असतात. नातीचा व्हिडिओ सेकंदाला ६० चौकटींचा असेल, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी ठिपके उलगडायचे. तुमचा आय५ तिथेच दमतो.

तुमच्या प्रोसेसरची पिढी २०१३ची. तिच्या अंगच्या ग्राफिक्सला एच.२६४ ही जुनी लिपी उत्तम येते, एचईव्हीसी येत नाही. सहाव्या पिढीला ८ बिटांची एचईव्हीसी नीट येऊ लागली, आणि २०१७च्या सातव्या पिढीपासून १० बिटांची (रंगांच्या जास्त छटांची) एचईव्हीसी आणि यूट्यूबची व्हीपी९ या दोन्ही यायला लागल्या. त्यामुळे ज्या वाचकांकडे सातव्या पिढीचा किंवा त्यापुढचा इंटेल प्रोसेसर आहे, आणि त्याच्या नावाच्या शेवटी एफ नाही, त्यांनी घरच्या टीव्हीसाठी कार्ड घेण्याआधी दहा वेळा विचार करावा. बहुतेकांना ते लागतच नाही. (एफवाल्या प्रोसेसरमध्ये अंगचं ग्राफिक्स नसतं.)

खात्री स्वतः करून घ्या. नातीचा व्हिडिओ लावा, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि परफॉर्मन्समध्ये जाऊन जीपीयूवर क्लिक करा. तिथे ‘व्हिडिओ डीकोड’ असा एक आलेख दिसतो. तो सपाट पडून असेल आणि सीपीयू शंभरच्या आसपास असेल, तर लिपी न येण्याचाच हा आजार आहे. आलेख वर चढलेला असूनही चित्र अडखळत असेल, तर कारण वेगळं. हार्ड डिस्क किंवा प्लेअर तपासावा लागेल.

माउसचा बाण फरफटतो, त्याचं मूळ मात्र दुसरीकडे आहे. तुमच्या बोर्डावरचं एचडीएमआय १.४चं आहे. त्यातून ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच जाऊ शकतं. ६० वेळा जायला एचडीएमआय २.० लागतं. म्हणजे तुमच्या कार्डाकडून दोन गोष्टी हव्यात: १० बिटांची एचईव्हीसी वाचणं आणि एचडीएमआय २.०.

या दोन्ही गोष्टी जीटी १०३० या कार्डात आहेत. २०१७चं कार्ड आहे, जास्तीत जास्त ३० वॅट खातं, तेही बोर्डावरच्या ज्या खाचेत (स्लॉटमध्ये) बसतं तिथूनच. एसएमपीएसची वेगळी वायर लागत नाही. लो प्रोफाइल मिळतं. विजेचं हे मुद्दाम सांगते, कारण स्लॉट ७५ वॅट देतो असं सगळीकडे लिहिलेलं असलं तरी ऑफिसच्या बारीक पेट्यांमध्ये काही कंपन्या ती मर्यादा बरीच खाली ठेवतात. ३० वॅटला सहसा अडचण येत नाही.

पण घेताना खोक्यावरची बारीक अक्षरं वाचा. जीटी १०३०चे दोन अवतार आहेत आणि दोघांचंही नाव एकच, मेमरीही २ जीबीच. २०१७च्या मूळ कार्डात जीडीडीआर५ मेमरी आहे, सेकंदाला ४८ जीबी ने-आण करणारी. २०१८मध्ये आलेल्या दुसऱ्यात साधी डीडीआर४ आहे, तिची ने-आण १६.८ जीबी, म्हणजे जवळपास एक तृतीयांश. एका गिऱ्हाइकाकडे मी घाईत दुसरं लावून आले होते. २४ चौकटींचे सिनेमे छान चालले, म्हणून मी निश्चिंत होते. आठ दिवसांनी त्या काकूंचा फोन आला, की मुंजीचा व्हिडिओ झटके खातोय. तो ६० चौकटींचा होता. खोक्यावर डीडीआर४ छापलेलं होतं, वाचायचं मी राहिले होते. कार्ड बदलून दिलं, पण त्यांच्या घरी पाहुणे जमलेले असताना ते झालं, याचं मला अजून वाईट वाटतं. तेव्हापासून ‘जी’ हे अक्षर पाहिल्याशिवाय मी बिल फाडू देत नाही.

दुकानात तुम्हाला आणखी तीन नावं ऐकवतील. आरटीएक्स ३०५० हे ६ जीबीचं कार्ड चांगलं आहे. वेगळी वायर न लावता चालतं, एव्ही१ ही नवी लिपीही वाचतं. पण ते ७० वॅटचं, आणि तुमच्या दहा-बारा वर्षं जुन्या पेटीत एवढे पैसे घालावेत असं मला वाटत नाही. आरएक्स ६४०० एचईव्हीसी वाचतं, नवीन असूनही एव्ही१ वाचत नाही. इंटेलचं आर्क ए३१० व्हिडिओसाठी फार गुणी कार्ड आहे, माझ्या आवडीचं. पण ते नव्या बोर्डांची अपेक्षा धरून बनवलेलं आहे. चौथ्या पिढीच्या बोर्डावर बायॉसशी (कॉम्प्युटर सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमशी) झटापट करावी लागते. ती तुम्ही करू नये.

यूट्यूबचं काय, असं विचाराल. ४के यूट्यूब येतं व्हीपी९ किंवा एव्ही१मध्ये. ते टीव्हीच्या स्वतःच्या अ‍ॅपवर बघा. टीव्हीच्या चिपमध्ये ती सोय आहे. ओटीटीचंही तेच. कॉम्प्युटरच्या ब्राउझरमध्ये ती मंडळी कॉपीच्या भीतीने अनेकदा चित्राचा दर्जा उतरवून देतात, कार्ड कितीही भारी असलं तरी. शिवाय विंडोज १०ची नेहमीची मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला संपली आणि तुमचा प्रोसेसर विंडोज ११च्या यादीत नाही. मी तुमच्या जागी असते तर ड्रायव्हर आणि प्लेअर घालून झाल्यावर या कॉम्प्युटरचं इंटरनेट काढूनच टाकलं असतं. नातीचे व्हिडिओ, नाटकं आणि स्नेहसंमेलनं एवढंच त्याचं काम. त्या कामात तो अजून पुष्कळ वर्षं काढेल.

आता अकोल्याचा उन्हाळा. बिनपंख्याचं जीटी १०३० मिळतं, आवाज शून्य, आणि पुण्यात मी तेच सुचवते. पण मे महिन्यात बाहेर पंचेचाळीस अंश, आणि पेटी बंद कपाटात! तिथे बिनपंख्याचं कार्ड नको. छोट्या पंख्याचं घ्या, कपाटाची मागची फळी काढून टाका किंवा सुताराकडून मोठं भोक पाडून घ्या, आणि पेटीच्या दोन्ही बाजूंना चार बोटं जागा ठेवा. कार्ड बसवायच्या आधी आतली धूळ ब्लोअरने उडवा. ऑफिसमधून आलेल्या पेट्यांत ती गादीसारखी साचलेली असते.

सिनेमा बघणार असाल तर एक सेटिंग कार्डाइतकंच महत्त्वाचं आहे. माझे बाबा सांगलीतल्या एका सिनेमागृहात ऑपरेटर होते. ३५ मिमीची फिल्म सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट धावते. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांत संपायचं; संपत आलं की पडद्याच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात ठिपका चमकायचा आणि त्या ठिपक्यावर बाबा दुसरं मशीन सुरू करायचे. आयुष्य असं गेलेल्या माणसाला मी टीव्हीला कॉम्प्युटर जोडून दिला, आणि पहिल्याच संध्याकाळी ते म्हणाले, “कॅमेरा आडवा फिरला की चित्र खडीवरून चालल्यासारखं वाटतंय गं.” बरोबर होतं त्यांचं. विंडोज टीव्हीला सेकंदाला ६० चित्रं पाठवतं. २४ चौकटी ६०मध्ये बसवायच्या तर एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते. ती लंगडी चाल त्यांच्या डोळ्याला टोचत होती. कोडी या व्हिडिओ प्लेअरच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडजस्ट डिस्प्ले रिफ्रेश रेट’ आहे, ते ‘ऑन स्टार्ट / स्टॉप’ करा. मग सिनेमा लागला की टीव्ही आपोआप २४वर जातो, संपला की परत ६०वर. क्षणभर पडदा काळा होतो, घाबरू नका.

बाबांचा कान आणखी तिखट. डीव्हीडीवर एक जुनं गाणं ऐकून म्हणाले, पट्टी चढली आहे. आपल्याकडच्या बऱ्याच डीव्हीडी पाल पद्धतीच्या, सेकंदाला २५ चौकटींच्या. २४ चौकटींचा सिनेमा त्यावर चढवताना नुसता चार टक्के पळवायचे. अडीच तासांचा सिनेमा सहा मिनिटं आधी संपतो आणि आवाज किंचित चढा लागतो. यात तुमच्या कार्डाचा दोष नसतो, म्हणून आधीच सांगून ठेवते.

आणि आता स्नेहसंमेलनं, ज्यांच्यासाठी मला हे उत्तर लांबवायचं होतं. त्या कंगव्याच्या रेघा म्हणजे फाइल खराब झाली आहे असं समजून कुणी त्या कॅसेट पुन्हा ‘साफ’ करून घ्यायला पैसे मागितले, तर देऊ नका. कॅमकॉर्डर चित्र अर्धं-अर्धं टिपायचा: आधी एकाआड एक ओळी, मग पन्नासाव्या भागाइतक्या सेकंदाने उरलेल्या. जुन्या डबा टीव्हीवर ते तसंच दिसायचं, म्हणून रेघा कळायच्या नाहीत. आजचा टीव्ही दोन्ही अर्धी चित्रं एकदम दाखवतो, आणि मधल्या काळात मुलाचा हात पुढे गेलेला असतो. म्हणून हाताच्या कडेला दात येतात. अर्ध्या चित्रांतून पूर्ण चित्र घडवण्याला डीइंटरलेसिंग म्हणतात, आणि ते कार्ड चांगलं करतं. कोडीत व्हिडिओ चालू असताना डीइंटरलेस ‘ऑटो’वर असू द्या. व्हीएलसी वापरत असाल तर ‘व्हिडिओ’ मेनूमध्ये डीइंटरलेस ‘ऑन’ आणि प्रकार ‘यादिफ (२एक्स)’ निवडा. २एक्स महत्त्वाचं आहे. साध्या प्रकारात सेकंदाला २५च चित्रं मिळतात. २एक्समध्ये ५०, आणि लेझीम खेळणाऱ्या मुलांची लय जशी होती तशी परत दिसते. त्या वेळी टीव्हीही ५० हर्ट्झवर (सेकंदाला ५० चित्रांवर) जायला हवा. कोडीत बघत असाल तर वरचं सेटिंग तेही सांभाळतं.

एखाद्या कॅसेटमध्ये हे सगळं करूनही माणसं पुढे-मागे थरथरली, तर अर्ध्या चित्रांचा क्रम उलटा लागला आहे. मिनीडीव्ही कॅसेटमध्ये खालच्या ओळी आधी येतात, इतर बऱ्याच रेकॉर्डिंगमध्ये वरच्या. ज्यांनी डिजिटल करून दिलं त्यांना ‘फील्ड ऑर्डर’ एवढाच शब्द सांगा. आणि त्यांनी मूळ कॅसेट परत दिल्या असतील तर कोरड्या जागी जपून ठेवा.

कार्ड बसवल्यावर टीव्हीची वायर बोर्डावरून काढून कार्डाच्या एचडीएमआयला लावायला विसरू नका. मला येणारे निम्मे फोन यासाठीच असतात. वायरवर ‘प्रीमियम हाय स्पीड’ लिहिलेलं असावं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये त्या एचडीएमआय पोर्टपुढे ‘एन्हान्स्ड’ किंवा ‘यूएचडी कलर’ अशा नावाचा पर्याय असतो, तो चालू करा, नाहीतर नवं कार्ड लावूनही जुनेच रंग दिसतील. मग विंडोजमध्ये ६० हर्ट्झ निवडलं की बाण सरळ चालेल.

प्रश्न : ताई, माझ्या कॉम्प्युटरमध्ये जीटीएक्स १६५० आहे. एचडीएमआयने टीव्ही, आणि टीव्हीच्या एआरसी (आवाज बाहेर पाठवणाऱ्या) पोर्टमधून साउंडबार जोडला आहे. साउंडबारवर अ‍ॅटमॉस लिहिलंय, पण ब्लू-रेवरून उतरवलेला सिनेमा लावला की फक्त साधा डॉल्बी दिवा लागतो. कार्ड बदलू का?

— एक वाचक, फोंडा

उत्तर : बदलू नका. ब्लू-रेवरचा अ‍ॅटमॉस बहुधा ट्रूएचडी नावाच्या आवाजात गुंडाळलेला असतो. तो जसाच्या तसा बाहेर पाठवणं कार्डांना २००९-१०पासून येतं. तुमचा आवाज अडतो तो टीव्हीत. साध्या एआरसीमधून ट्रूएचडी जातच नाही, तेवढी रुंदी त्या वाटेला नाही. त्या वाटेची रुंद आवृत्ती, म्हणजे ईएआरसी लागतं, आणि तेही टीव्ही व साउंडबार दोघांकडे. दोन्हींच्या पुस्तिका बघा. नसेल, पण साउंडबारला एचडीएमआय ‘इन’ असेल, तर कॉम्प्युटर आधी साउंडबारला आणि तिथून टीव्हीला जोडा. एवढंच बघा, की साउंडबार ४के आणि एचडीआर चित्र पुढे जाऊ देतो. मग कोडीत ऑडिओसाठी ‘वासापी’ने सुरू होणारं साधन निवडा आणि ‘पासथ्रू’ चालू करून ट्रूएचडीवर खूण करा. ऑप्टिकल वायरच्या नादी लागू नका, ती एआरसीपेक्षाही अरुंद.

प्रश्न : मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. हॉस्टेलच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर आहे, त्यासाठी आम्ही मुलांनी वर्गणी काढून जीटीएक्स १०५० टीआय ऑनलाइन मागवलं. फारच स्वस्त मिळालं. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसतं, पण एचईव्हीसी व्हिडिओ चालत नाहीत आणि ड्रायव्हर अपडेट केला की पडदा काळा. मागे व्हीजीए, डीव्हीआय, एचडीएमआय असे तीन पोर्ट आहेत.

— एक विद्यार्थी, ठाणे

उत्तर : व्हीजीए पोर्ट वाचूनच मला धस्स झालं. १०५० टीआय ज्या पिढीतलं आहे त्या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही. तुमच्याकडे आलेलं कार्ड बहुधा २०१०-११च्या सुमाराचं आहे, त्याच्या बायॉसमध्ये नवं नाव लिहून विकलेलं. विंडोज ते नाव वाचतं आणि विश्वास ठेवतं. जीपीयू-झेड हा छोटा मोफत प्रोग्रॅम चालवा. अशा कार्डांना तो नावाआधी ‘फेक’ लावून दाखवतो. खऱ्या १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर (आकडेमोड करणारे छोटे भाग) असतात. तुमच्यात १९२ किंवा तसा काही आकडा दिसेल. त्या जुन्या चिपला एचईव्हीसी येत नाही, म्हणून व्हिडिओ चालत नाहीत.

जीपीयू-झेडच्या पडद्याचा आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा, बिल जोडा आणि परतीची मुदत संपायच्या आत विक्रेत्याकडे लेखी तक्रार करा. उडवाउडवी झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तक्रार नोंदवून तिचा क्रमांक जपून ठेवा. वर्गणी दिलेल्या सगळ्या मुलांना हे आजच सांगा, लपवू नका. आणि पैसे परत मिळाले की दुसरं कार्ड मागवण्याआधी त्या हॉलमधल्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे ते मला कळवा. प्रोजेक्टर १०८०पीचाच असेल आणि प्रोसेसर सातव्या पिढीपुढचा, तर ती वर्गणी चांगल्या स्पीकरला वापरता येईल.